साक्षगंधातली काळी पिशवी

ती. इंदुताईस,
आर्णीहून धाकट्या उकंडाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, कंबर धरली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? चिंतामणीच्या पायऱ्या उतरतेस की वरूनच हात जोडतेस? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

अपेक्षाच्या साक्षगंधात काय झालं ते तुमच्या कळंबभर झालंच असेल, पण मुळापासून ऐक. तुझ्या भाचीनं कॉलेजात प्रोजेक्ट घेतला: कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचा कोळसा करायचा, दळायचा आणि प्लास्टिकमध्ये मिसळून पिशव्या काढायच्या. साध्या प्लास्टिकवर घासून घासून वीज साठते, तिनं मोबाइलचे नाजूक भाग बिघडतात. कोळशामुळे ती साठतच नाही. (आपण जन्मभर पऱ्हाटी बांधावर जाळली, कुणी पदवी दिली नाही.) कोळसा घरच्या मिक्सरमध्ये दळला गेला, त्यानंतर आठ दिवस चटणी काळी आणि माझे दात त्याहून काळे. पण पिशवी जमली! साधी पिशवी स्वेटरवर घासली की कागदाचे कपटे उडून चिकटतात, हिच्या पिशवीला एकही नाही. आल्यागेल्याला मी स्वेटर घालून दाखवलं, एप्रिलमध्ये. खोट एकच, पिशवी काळीकुट्ट. रंग बदल म्हटलं तर म्हणते, "कोळसा हाय तो बाबा, पांढरा कोठून आणू?"

तर साक्षगंधात विहीणबाईंच्या मानाची साडी निघाली ती याच पिशवीतून. त्यांनी हात मागे घेतला. "शुभ कामात काळं? हे काय करून राह्यले तुमी?" अपेक्षा पुढे होऊन म्हणाली, माझी चूक झाली. मीही तिला चारचौघांत चार शब्द सुनावले. मंडळी जेवली, पण लग्नाची तारीख न काढताच परतली. आज नऊ दिवस झाले, विहीणबाईंचा निरोप नाही. (जावईबापू अमरचा फोन पोरीला रोज येतो, मला ऐकू येत नाही असं मी दाखवतो.) शिकल्यासवरल्या पोरीला एवढं कळू नये?

भाऊजींना नमस्कार.
तुझा,
उकंडा

ता. क. विहीणबाई तुझ्याच गल्लीत राहतात. जाऊन ये. गुडघे दुखले तर ऑटो कर, पण जा.

आणखी ता. क. गेल्यावर सांग, की साडी त्या पिशवीत पोरीनं घातली नव्हती, मी घातली. म्हटलं, विहीणबाईंनाही दिसू दे आपल्या पोरीनं काय केलंय. ती नको नको म्हणत होती. मंडपात माझा उतरलेला चेहरा पाहून तिनं चूक अंगावर घेतली, आणि ताई, मी ती घेऊ दिली.