सभागृहाला कर्नल धांडे यांचे नाव देण्यास हरकत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, चांदूर रेल्वे,
जि. अमरावती.

विषय : मौजे पिंपळसोंडा येथील नवीन सभागृहास कर्नल (निवृत्त) कुलदीप धांडे यांचे नाव देण्याविरुद्ध हरकत.

संदर्भ : ग्रामपंचायतीच्या फलकावरील जाहीर सूचना, दि. २ जानेवारी २०२६.

अर्जदार : शेखर केशवराव खासबागे, वय ४६, धंदा फुलशेती, सैन्यातील माजी नाईक.

महोदय,

हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. त्यातले दहा दिवस अर्जदाराने एक अर्ज लिहिण्यात आणि तो फाडण्यात घालविले. हा दुसरा अर्ज होय. तो शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१. कर्नल धांडे हे राहणार अकोला. त्यांची आई आमच्या गावची, म्हणून ते गावचे भाचे. सभागृहाचे पंखे त्यांनी दिले आहेत. सूचनेत त्यांना "सरहद्दीवरील नागरिकांचे रक्षणकर्ते" असे म्हटले आहे. अर्जदाराची हरकत पंख्यांना नाही, या तीन शब्दांना आहे.

२. एकोणीस वर्षांपूर्वी सरहद्दीवर लढाई पेटली असता अर्जदार धांडे साहेबांच्या हाताखाली होता. दहा जवानांची तुकडी घेऊन त्याने नाल्यापलीकडची टेकडी गाठावी, असा हुकूम होता. वाटेत सुरुंग पेरल्याची खबर होती. सुरुंग शोधणारे पथक पोहोचायला सकाळ होणार होती आणि साहेबांना टेकडी दुपारी हवी होती. त्यांनी वायरलेसवर सांगितले, "गाववालों को आगे रखो. रास्ता उनका है." अर्जदाराने विचारले, "साहेब, सिव्हिलियन लोकांना?" त्यावर उत्तर आले, "दुबारा मत पूछना."

अर्जदाराने दुसऱ्यांदा विचारले नाही.

३. त्याने जवळच्या वस्तीतून सात माणसे उठवली. हीच माणसे आठवडाभर आमच्या जवानांना पाणी पाजत होती. त्यांच्यात एक सून होती. तिची भाषा अर्जदाराला येत नव्हती, पण ती चुलीकडे हात करून काय सांगत होती ते कळले. चुलीवर दूध होते आणि तिला ते उतरवून यायचे होते. अर्जदाराने बंदुकीच्या दस्त्याने तिला पुढे व्हायची खूण केली. नाला ओलांडल्यावर शंभर पावलांच्या आत सुरुंग फुटून ती आणि तिचा सासरा गेले. उरलेले पाच जण जागच्या जागी बसले. त्यांना पुन्हा उठवून चालवले, तेही अर्जदारानेच. टेकडी दुपारी मिळाली. साहेबांना पदक मिळाले.

४. पुढे चौकशी झाली. धांडे साहेबांनी जबाब दिला की, असा कोणताही हुकूम आपण दिला नाही, तुकडीच्या नायकाने ते आपल्या मनाने केले. वायरलेसच्या वहीत हुकुमाची नोंद नव्हती. अर्जदार बडतर्फ झाला. गावात येऊन त्याने पाय अधू झाल्याचे सांगितले आणि तेव्हापासून तो झेंडू आणि शेवंती लावतो. त्याचा पाय धडधाकट आहे.

५. सूचना लागल्यावर अर्जदार अकोल्याला साहेबांच्या घरी गेला. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "खासबागे, कमांडरच्या हाताखाली शेकडो माणसं असतात. कोणाच्या पायाखाली काय आहे, ते त्याला कसं दिसणार?" अर्जदार म्हणाला, "दिसत नव्हतं म्हणूनच तं ते लोक पुढं होते, साहेब." साहेबांनी कप खाली ठेवला. "माणसं चालवल्याच्या कबुलीवर सही तुझी आहे. हुकमावर माझी कुठंच नाही," असे म्हणून ते आत गेले, ते परत आले नाहीत. अर्जदाराने चहा घेतला नाही.

६. तिथून अर्जदार मनोज गावंडे यांच्याकडे गेला. ते आमच्याच तुकडीतले, त्या दिवशी वायरलेस त्यांच्या पाठीवर होता. अर्जदाराने काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मी आयकलं होतं, शेखर. चौकशीत बोललो असतो तं मीही घरी आलो असतो. म्हणून नाही बोललो." दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्र केले. ते सोबत जोडले आहे.

७. ही बातमी सरपंच भगवंतराव यांच्यापर्यंत गेली. ते अर्जदाराच्या वाडीत येऊन बसले. "कायले उकरून राहिला? त्याचं काई बिघडत नाही, तुहंच बिघडते. तुह्या हातचे फुलं मंग मंदिरात कोण घेईन?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. अर्जदाराची सगळी फुले याच पट्ट्यातल्या मंदिरांत जातात.

८. अर्जदाराने पहिला अर्ज पत्नी रागिणी हिला वाचून दाखविला. त्यात सगळा दोष साहेबांचा होता आणि अर्जदार हुकमाचा ताबेदार होता. पायाची गोष्ट तिलाही खरीच वाटत होती. तिसऱ्या दिवशी फुले तोडताना म्हणाली, "त्या बाईले दस्ता कोणं दाखवला, साहेबानं का तुमी?" अर्जदार म्हणाला, "मी." ती म्हणाली, "मंग तसंच लिवा. त्याच्यावर ढकलून तुमी सुटू नका. अन् तुमच्यावर ढकलून त्यालेही सुटू देऊ नका." अर्जदाराने तो अर्ज तिथेच फाडला.

सबब मागणे असे की,

(अ) सभागृहास सदर नाव देऊ नये. आपल्या कार्यालयास तरीही ते द्यावयाचे असेल, तर कारण लेखी द्यावे.

(आ) हा अर्ज ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. परिच्छेद तीन गाळू नये. अर्जदारावर दया म्हणूनही गाळू नये.

(इ) त्या ग्रामसभेस कर्नल धांडे यांना बोलवावे. अर्जदार आपल्या हाताने काय केले ते उभा राहून सांगेल. नंतर साहेबांनी वायरलेसवर काय सांगितले ते उभे राहून सांगावे. हाताखालच्या माणसाला शिक्षा झाली म्हणजे हुकूम देणारा मोकळा होतो, असा नियम असल्यास त्याची प्रत अर्जदारास मिळावी. अर्जदाराने बरीच विचारपूस केली, त्यास तो कुठे आढळला नाही.

(ई) साहेब न आल्यास त्यांची खुर्ची सभेत मांडावी आणि सभा संपेपर्यंत उचलू नये.

वर लिहिलेले सर्व खरे असून ते लिहिण्यास अर्जदाराने एकोणीस वर्षे उशीर केला आहे. त्या उशिराबद्दल तो आपली नव्हे, त्या वस्तीची क्षमा मागतो.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
शेखर केशवराव खासबागे
मु. पो. पिंपळसोंडा, ता. चांदूर रेल्वे
दि. १३ जानेवारी २०२६

सोबत : १. मनोज गावंडे, रा. अकोला यांचे प्रतिज्ञापत्र. २. बडतर्फीच्या आदेशाची प्रत.

अर्ज वाचून, समजून, साक्षीदार म्हणून सही :
रागिणी शेखर खासबागे