नानाजींच्या पुस्तकात नसलेला दिवस

११ सप्टेंबर १९६७, सोमवार

आज पुन्हा तीच आली! म्हणजे पानं घेऊन. नानाजी स्वतः येत नाहीत, डोळे गेलेत त्यांचे. शाळेतून रिटायर झाले आणि दोन वर्षांत सगळा अंधार. आता खुर्चीत बसून सांगतात, मुलगी लिहून घेते आणि सोमवारी गठ्ठा प्रेसमध्ये आणून देते. मुलीचं नाव उत्तरा.

पुस्तक असं आहे — वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक पान. वर तारीख, खाली प्रभूविषयी मनन, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. ख्रिस्ती घरांत सकाळी चहाआधी वाचतात म्हणे. सायन्सचं जर्नल प्रोफेसरच्या टेबलावर आपटून सेकंड इयरला कॉलेज सोडलं, ते काय नागपुरात सदरच्या या बोळातल्या प्रेसमध्ये उभं राहून प्रार्थना जुळवायला? धोंडबाला तसं म्हणालोही. धोंडबा इथला जुना कंपोझिटर, तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतोय. वरसुद्धा न बघता म्हणाला, "काहून गा, तुले का कादंबरी पाह्यजे होती? जुळव मुकाट्यानं."

पण आजचं पान सिगडीवर होतं. सिगडी विझली म्हणून बाई उठून जाते आणि राखेखाली एक निखारा तिची वाट बघत असतो. बस, एवढंच. त्यात देव कुठून आला ते कळलं नाही, पण आला होता. मी खिळे जुळवायची स्टिक हातात धरून किती तरी वेळ उभा होतो.

१४ सप्टेंबर

प्रूफ वाचायला मालकानं तिलाच बसवलं. अक्षर तिचं, तेव्हा मूळ कागद ती मोठ्यानं वाचते, मी छापलेल्या ओळीवर बोट ठेवून बघतो. चिन्हंसुद्धा वाचायची असतात. तर आज ती वाचत होती —

"हे प्रभू स्वल्पविराम मी दार लावून घेतलं स्वल्पविराम आणि तू खिडकीशी उभा राहिलास पूर्णविराम."

डोळे कागदावर. कपाळावर एक बट. प्रेसच्या मागच्या फाटकातल्या बदामाच्या झाडावर पोपट ओरडत होते. मी खिडकीकडे बघितलं. खरंच बघितलं!

खोलीवर येईपर्यंत सगळं तिच्या आवाजात ऐकू येत होतं. सायकल स्वल्पविराम, रस्ता स्वल्पविराम, गड्डीगोदामचा पूल पूर्णविराम.

१५ सप्टेंबर

ती आली नाही. शुक्रवार पूर्णविराम.

३ ऑक्टोबर, मंगळवार

नानाजी संस्कृतचे मास्तर होते. ख्रिस्ती माणूस, पण जुनी काव्यं तोंडपाठ. आजच्या पानात त्यांनी जुन्या काव्यातली एक राजकन्या आणली. स्वयंवरात तिच्यासमोर पाच जण उभे, पाचही हुबेहूब सारखे. चार देव, एक माणूस. ती कशी ओळखते? ज्याला घाम आलाय, ज्याच्या गळ्यातली माळ कोमेजलीय, ज्याचे पाय धुळीला लागलेत तो माणूस! आणि पुढे नानाजी म्हणतात, प्रभू आपल्यात आला तो असाच ओळखू आला — घामावरून आणि धुळीच्या पायांवरून.

वाचून झाल्यावर तिनं कागद खाली ठेवला. म्हणाली, "तुम्हाला पटलं का हे?"

मी म्हणालो, "देव सोडून माणूस निवडला ते पटलं."

ती हसली. मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाली, "तुम्हाला तर शाईवरूनच ओळखता येईल."

आज हात धुतले नाहीत. जेवलोही तसाच.

९ ऑक्टोबर

डबे आम्ही बदामाखाली खातो. मी, धोंडबा आणि सोमवारी ती. आज म्हणाली, मला खिळे जुळवायला शिकवा. धोंडबा म्हणाला, "शिक वं पोरी, तुह्या बापाचं पुस्तक तूच जुळवजो, आम्ही झोपतो!"

तिला केसपाशी, खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, उभं केलं. कुठलं अक्षर कोणत्या घरात, स्टिक डाव्या हातात कशी धरायची, सगळं आरशातल्यासारखं उलटं कसं वाचायचं. तिनं स्वतःचं नाव जुळवलं. 'र' डोक्यावर उभा! प्रूफ काढल्यावर बघून लाजली. धोंडबा म्हणाला, "पहिल्या दिवशी म्या तर अख्खी ओळ उलटी टाकली होती."

त्या प्रुफाचा कागद माझ्याकडे आहे. या वहीतच आहे.

१७ ऑक्टोबर

नानाजी क्रमानं सांगत नाहीत, आलेली पानं लावून आता फेब्रुवारी पुरा करतोय. आज अठ्ठावीसचं पान संपलं, पुढचा कागद उचलला तर एक मार्च. हात थांबला. येतं वर्ष अडुसष्ट — एकोणतीस तारीख येते की! नानाजी विसरले. ती समोर बसून पुढचं पान लावत होती, तिच्याही लक्षात आलं नाही.

सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

का सांगू? तीनशे पासष्ट दिवस देवाचे झाले. एक दिवस सुटला, तो मला असू दे. त्या दिवसाला पान नाही, प्रार्थना नाही, काही नाही — नुसती ती आणि मी. कुठे तरी जाऊ. फुटाळा तलावावर जाऊ. पाण्यात पाय सोडून बसू. ती वाचेल, कागद नसताना.

हे पाप असेल तर असो.

२ नोव्हेंबर

दिवाळीला घरी आलोय, नरखेडजवळ, संत्र्याच्या वाडीत. आई पणत्या लावतेय. उत्तराच्या घरी आज पणत्या नसतील. की असतील? विचारायला हवं होतं.

२२ नोव्हेंबर, बुधवार

आज नानाजींकडे गेलो आणि उत्तराविषयी सगळं सांगितलं! न विचारता, न ठरवता. पुस्तकाचे शेवटचे फर्मे, छापलेले मोठे कागद, घेऊन गेलो होतो, ते हातातच राहिले. उत्तरा आत होती. पडदा हलत होता.

मला वाटलं ते धर्माचं बोलतील. मी तयारच होतो — राजकन्येचं पानच तोंडावर मारणार होतो त्यांच्या.

ते म्हणाले, "तू कुणब्याचा, आम्ही ख्रिस्ती, ते मी प्रभूशी बोलून घेईन. तुझं मला वेगळंच वाटतं. कॉलेज का सोडलंस?"

मी सांगितलं. जर्नल, प्रोफेसर, त्यांचं 'खेड्यातून येतात' म्हणणं.

"आणि त्याआधी?"

त्याआधी कामठीला तारऑफिसचं काम शिकायला गेलो होतो, तेही सोडलं. कशाला सांगितलं कोण जाणे! आंधळ्या माणसासमोर खोटं बोलता येत नाही.

म्हणाले, "तू एकही गोष्ट शेवटापर्यंत नेलेली मला दाखव, मग बोलू."

माझं डोकंच फिरलं. फर्मे त्यांच्या पायाशी फेकले. म्हणालो, "हे नेलंय शेवटापर्यंत! बोटानं चाचपून बघा!" आणि निघालो. मागून उत्तराचा आवाज आला — "रवींद्र, थांबा." थांबलो नाही.

मालकानं संध्याकाळी विचारलं, नानाजींना काय बोललास? त्यालाही बोललो. प्रेसची नोकरी सुटली.

२३ नोव्हेंबर

ते खरंच चाचपून बघत बसले असतील जमिनीवर. ती गोळा करत असेल.

मी माणूस नाही.

३१ डिसेंबर, रविवार. घरी

धोंडबा आला! बहिणीकडे नरखेडला आला होता, तिथून सायकलनं वाडीपर्यंत. धोतराला काटे लागलेले, हातात कागदात गुंडाळलेलं पुस्तक.

"घे. उत्तरानं देल्लं. तुह्या नावाची कॉपी."

काय म्हणाली, विचारलं. म्हणाला, "म्हणे, रवींद्रले सांगा, एकूणएक पान पाह्यजो. एकही सोडजो नोको."

टोमणा! बापाचाच टोमणा — तू काही पुरं करत नाहीस. पुस्तक विहिरीत टाकणार होतो.

मग धोंडबा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "तिले जबलपूरचं स्थळ आलं. मास्तर आहे तिकडं. बाप तयार आहे. पण पोरीनं मुदत मागतली, फेब्रुवारी सरेपर्यंत."

"कशाला मुदत?" मी विचारलं.

"मले का मालूम! म्या का तिच्या पोटात बसून राह्यलो?" आणि माझ्याकडे बघत राहिला. जाताना म्हणाला, "वाच गा बाबू. लेकरानं मेहनत केली."

पहिल्या पानावर नानाजींची सूचना आहे, मीच जुळवली होती. एका दिवशी एकच पान वाचावं. पुढचं उलटू नये. बायबलात रानातल्या लोकांसाठी आकाशातून भाकर पडायची तीही त्या दिवसापुरती. उद्यासाठी जमवली की तिच्यात किडे व्हायचे.

ठीक आहे. एक दिवस, एक पान. एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर. मग हे पुस्तक नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवीन आणि म्हणेन, ही घ्या शेवटापर्यंत नेलेली गोष्ट. तोवर तोंड दाखवणार नाही. शपथ!

१ जानेवारी १९६८

वाचलं. पान पहाटेच्या नळावर आहे. सगळं माहीत आहे, मीच जुळवलंय, तरी नवं वाटलं. आवाज तिचाच.

१४ जानेवारी

लाल दोरा घातलाय खूण म्हणून. रोज एक पान पुढे सरकतो. बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलं, प्रेस सोडला. किरिस्तावाचं पुस्तक तेवढं सोडत नाही पोट्टा!" आई म्हणाली, "वाचू द्या नं. रागं तरी भरत नाही आताशा."

खरं आहे. पंधरा दिवसांत एकदाही ओरडलो नाही. सकाळी पंप चालू करतो, पाणी आळ्यात फिरत जातं, मी बांधावर बसून वाचतो. झाडं फळांनी वाकलीत. धुकं असतं. धुक्यातून कोणीतरी स्वल्पविराम म्हणतं.

३ फेब्रुवारी

सिगडीचं पान आज आलं. राखेखालचा निखारा. मुदत मागतली — कशासाठी? कोणासाठी?

नाही. विचार करायचा नाही.

२० फेब्रुवारी

नऊ दिवस राहिले.

२८ फेब्रुवारी, बुधवार

वाचलं. उद्या संत्र्याचा ट्रक भरून नागपूर. बाबांनी मलाच जायला सांगितलंय. उद्या पान नाही. उद्याचा दिवस माझा आहे, ऑक्टोबरपासून राखून ठेवलेला. पुस्तक घरीच ठेवतो.

२९ फेब्रुवारी

दुपारी दोनला ट्रक रिकामा झाला. बाजारात पेंढा आणि सालींचा वास. नळावर तोंड धुतलं आणि पाय आपोआप सदरकडे निघाले.

साडेतीनला प्रेसच्या कोपऱ्यावर होतो. तिथून नुसती पाटी दिसते, आतलं-मागचं काही दिसत नाही. पन्नास पावलं. आत धोंडबा असेल. त्याला विचारता आलं असतं — काय ठरलं? आज तिच्या मुदतीचा शेवटचा दिवस.

उभा राहिलो, राहिलो, आणि मग आला राग! तीन महिन्यांत एक चिठ्ठी नाही. धोंडबाबरोबर निरोप पाठवला तोही टोमण्याचा. तिला वाटत असतं तर एका शब्दानं बोलावलं नसतं का? मीच का जावं? शपथ मोडून, दहा महिने बाकी असताना, पुन्हा अर्धवट?

परत फिरलो. फुटाळ्यावर जाऊन एकटाच बसलो. पाण्यात पाय सोडले. मनात तिला शेजारी बसवलं. कागद नव्हता, तरी ती वाचत होती. ऊन पिवळं झालं, मग लाल. इतका सुंदर दिवस वर्षात झाला नाही.

नानाजी विसरले ते बरंच झालं.

१ मार्च, शुक्रवार

पुस्तक उघडलं. दोरा सरकवला. एक मार्चच्या आधी एक पान आहे.

डिंकानं चिकटवलेलं. कागद प्रुफाचा, पिवळट. मशीनवर छापलेला नाही, हातानं दाबून काढलेला. ओळी वाकड्या. असं पान दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात असणार नाही. जसंच्या तसं उतरवतो —

"२९ फेब्रुवारी. हा दिवस नानाजींनी सांगितला नाही. तुमच्या लक्षात आलं होतं, कारण तुमचा हात थांबला. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीही बोलले नाही. हा दिवस ठेवून घेतला. त्या राजकन्येसमोर पाच सारखे होते. माझ्यासमोर एकच आहे. त्याला घाम येतो, राग येतो, बोटांना शाई असते. आज तीन वाजल्यापासून पाचपर्यंत मी बदामाखाली बसेन. आलात तर दोघं मिळून नानाजींकडे जाऊ. मी बोलेन, तुम्ही गप्प राहायचं. नाही आलात तर जबलपूरला होकार कळवीन. प्रार्थना: प्रभू, आज तरी त्यांना राग येऊ देऊ नकोस. आमेन."

'राग'मधला 'र' डोक्यावर उभा आहे.

साडेनऊची नागपूरची बस आहे. काल पन्नास पावलं होती.