ताईची पट्टी

९ फेब्रुवारी, सोमवार

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. वाकून करायला गुडघा ऐकत नाही, तेव्हा बसूनच केला आहे. गोड मानून घे.

तुझं पत्र मिळालं. सूनबाई तुझ्यापुढे भांडी आपटते आणि तुझी झोपायची जागा आता जिन्याखाली केली आहे, हे वाचून घास उतरला नाही. अश्वगंधेची खोदणी झाली की कायमची इकडे येते म्हणतेस. ये ना. म्हणजे, छत गळतंय. मांजरीने पिलं घातली आहेत, तीही नेमकी तुझ्याच खोलीत. शिवाय गाडीत तुला उलट्या होतात. सगळा विचार करून काय ते ठरव.

पीक कसं आहे विचारलंस. वर पाला बरा आहे.

एवढं लिहून पेन ठेवलं आणि चहा करून आलो. आता लिहितो. खाली काही नाही, ताई. अश्वगंधेची मुळं उंदराच्या शेपटीएवढी, त्यातली निम्मी कुजकी. व्यापारी आला, एक मुळी चिमटीत धरून म्हणाला, "आजोबा, हे औषध आहे की सुईत ओवायचा दोरा?" मीही हसलो. काय करणार? मागच्या वर्षीही असंच झालं होतं. तुला कळवलं नाही, उगाच काळजी करशील म्हणून. काळजी करायला घरात मी आहेच.

मग माती तपासणाऱ्या बाई येऊन गेल्या. मला समजलं तेवढं सांगतो. जमिनीत केसाहून बारीक बुरशीचे धागे असतात, ते लांबून पाणी आणि अन्न आणून मुळांना भरवतात. आपलं दरवर्षी तेच पीक आणि तीच खणाखणी. ते धागे संपत गेले आणि मुळं कुजवणारी दुसरी बुरशी माजली. बुरशीतही चांगली-वाईट असते म्हणे, नातेवाइकांसारखी. मी म्हटलं, "फवारा मारतो की."

"फवाऱ्याने उरलेसुरले धागेही जातील, काका. अश्वगंधा बंद करा. कडधान्य पेरा, गवत वाढू द्या, जमिनीला विसावा द्या."

"किती वर्षं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला लागल्या.

तुझ्या वाट्याची पट्टी तेवढी जिवंत आहे. 'माझ्या तुकड्याला तुझं हावरं फावडं लावायचं नाही' म्हणून तू बजावायचीस आणि मी चिडायचो. आता तूच लिहितेस, माझीही लाव, दोघांचं भागेल. परवा फावडं घेऊन गेलो. एक ढेकूळ फोडलं. आत पांढरं जाळं, आणि वास आईच्या हातांना यायचा तो. ही लावली तर एक वर्ष, फार तर दोन, आपण दोघं पोटभर जेवू. मग तीही मरेल. कुणासाठी राखतोस, असं विचारशील. आपल्यामागे ही जमीन कसायला कुणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पुन्हा फावडं उचललं नाही. ढेकूळ होतं तिथेच ठेवलं, वर गवत सारलं आणि घरी आलो.

माझ्या एकट्याचं मूठभर कडधान्यावर निभेल. दोघांचं नाही निभणार.

तुझी खाट उन्हात काढली होती. डुगडुगणारा पाय ठोकून घट्ट केला होता. काल ती परत आत नेली आणि भिंतीशी उभी करून ठेवली.

लहानपणापासून तू मला भित्रा म्हणत आलीस. सगळ्यालाच भ्यालो, पण या पुढच्या ओळीइतका कशालाच नाही.

येऊ नकोस, ताई. जिन्याखाली का होईना, तिथे ताटात रोज काहीतरी पडतं.

तुझा,
भित्रा भाऊ