हँडलखालची दोन बोटं

बाबा, काल बर्डीवरच्या एका दुकानात मी मनगटाला बांधायचे पट्टे पाहत उभी होते. उजवा हात पुन्हा दुखतो. शाळेत पोहोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं असतं, फळ्यावर लिहिताना खडू सुटतो. आता माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. ती घेऊन दोन महिने झाले आणि दुखणं सुरू होऊन दीड. दुकानदारानं काचेवर चार पट्टे मांडले. एक मोज्यासारखा ताणून घालायचा, एक अंगठ्यासाठी भोक ठेवलेला, एकात तळहाताच्या बाजूनं पत्र्याची पट्टी शिवलेली, आणि एक चामड्याचा, बकल असलेला. "हा घ्या मॅडम, हमखास आराम पडते," तो म्हणाला. कशानं आराम पडतो, असं मी विचारलं. "बांधल्यानं," तो म्हणाला. पहिले तीन मी बांधून पाहिले. मोज्यासारख्यात मनगट हवं तसं वळत होतं, मग तो कशासाठी? पत्र्याच्या पट्टीचा काठ नेमका दुखत्या जागी टोचत होता. भोकवाल्यात पाच मिनिटांत बोटं गार पडली. चामड्याचा मी सर्वांत शेवटी उचलला आणि लगेच खाली ठेवला. या सगळ्यात कोणती गाडी चालवता, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. ते न विचारणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. ही सवय तुमची. ती मला फार उशिरा लागली.

इतवारीच्या टोकाला तुमचं सायकलीचं दुकान. दारात पंक्चर शोधायची पाण्याची घमेली, वर छताला टांगलेल्या फ्रेमा, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पाने आणि किल्ल्या. सायकल जुळवून घ्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला तुम्ही एकच गोष्ट करायला लावता. कोपर सीटच्या टोकाला टेकव, हात पुढं लांब कर, मधलं बोट हँडलच्या दांड्याला लागलं पाहिजे. लागलं नाही तर सीट पुढं, हँडल वर. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सुटका नाही. "सायकलीवर कोणीही बसते गा," तुम्ही त्याला सांगता, "सायकल माणसाले बसली पाहिजे." तो हसतो आणि मुकाट्यानं कोपर टेकवतो.

मला कामठी रोडवरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही माझ्यासाठी लेडीज सायकल स्वतः जुळवलीत. फ्रेम एकीकडून, चाकं दुसरीकडून. मग जेवताना म्हणालात, "एक डाव दुकानात ये, हाताचं माप घेऊ दे." मी म्हणाले, सगळ्या बाजारासमोर मी सीटवर कोपर टेकवून उभी राहू का? मी नुकतीच एम. ए. झाले होते. खरं म्हणजे मला कोपराची लाज वाटत नव्हती. दुकानाची वाटत होती. घमेल्यातल्या काळ्या पाण्याची, तुमच्या नखांची. मी बोलून दाखवली होती एकच लाज, तुम्हाला ऐकू आल्या दोन्ही. पुन्हा बोलावलं नाहीत. चार दिवसांनी सायकल अंगणात उभी होती. माप तुम्ही तुमच्या हाताचं धरलं होतं. तुमचे हात लांब. वरच्या फळीवरचा डबा तुम्ही स्टुलाशिवाय काढायचात आणि आत्या म्हणायची, "देवानं याले पायाचं माप हाताले लावलं."

दिवाळीच्या सुमारास मनगट दुखायला लागलं, करंगळी बधिर होऊ लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कापडी पट्टी गुंडाळली आणि आठ दिवस हात हलवू नका म्हणाले. घरी तपासायला तीन वर्गांच्या वह्या होत्या. आत्यानं शेजारणीकडून तांब्याचं कडं आणलं. त्यानं मनगट हिरवं झालं. शेवटी मी महाल भागात गेले. तिथे तालमीतल्या पोरांना लंगोट आणि मुद्गल विकणारं एक दुकान होतं. चामड्याचे पट्टे तिथेच मिळत.

"भावासाठी पाहिजे का?" म्हातारा दुकानदार म्हणाला.

"माझ्यासाठी."

त्यानं पट्ट्यांची पेटी पुढं ओढली. "कोणत्या आखाड्यात जाता बाई?"

मी हसले नाही. रुंद पट्ट्यात हँडल धरता येईना म्हणून चार बोटं रुंदीचा घेतला, एका बकलचा. घरी तुम्ही तो हातात घेऊन वाकवून पाहिलात. चामडं चांगलं होतं, असं तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं. "पट्टा बांधला का हात मुका होते," तुम्ही म्हणालात, "बरा नाही होत. दोन रोज सायकल ठेव माह्याकडे."

हे वाक्य तुम्ही दुसऱ्या कोणत्याही आठवड्यात बोलला असतात तर मी सायकल ठेवली असती. पण त्याच आठवड्यात सावनेरहून माणसं येऊन गेली होती. मुलगा कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात. त्यांना मुलगी शिकलेली चालणार होती, नोकरीही पुढं पाहू म्हणाले, फक्त सायकल नको होती. आत्याला स्थळ पसंत होतं. माझ्या पट्ट्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हातच सांगून राहिला तुले. सोड आता." तुम्ही गप्प बसलात. तुमची गप्प बसण्याची रीत मला ठाऊक होती, तरी मी ती त्या दिवशी सावनेरच्या बाजूला टाकली. शाळेच्या रस्त्यावर धड बस नव्हती. सायकल गेली की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की मला हो म्हणावं लागणार. दुखण्याचा सगळ्यांनाच उपयोग होता. मी सायकल रोज आतल्या खोलीत घेऊ लागले. सायकलीला कुलूप लावून किल्ली उशीखाली. त्या कुलुपाची दुसरी किल्ली तुमच्या दुकानात खिळ्याला आहे हे माहीत असताना.

आत्या ब्लाउजचं माप मागत होती. "नुसतं माप दे वं, तिकडं कळवाचं आहे. माप दिल्यानं का लगन लागते?" मी देत नव्हते. मग एका रविवारी सकाळी मी न्हाऊन अंगणात आले, तर दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या स्वेटरपाशी तुम्ही उभे. तपकिरी स्वेटर, टेबलावर टेकून टेकून कोपरांवर विरलेला. तुमच्या हातात सुतळी. एक टोक तुम्ही बाहीच्या विरलेल्या जागी धरलं आहे, दुसरं मनगटापर्यंत ताणलं आहे. तिथे दातानं ओढून गाठ मारता. मग स्वतःचा पंजा उघडून पाहता, सुतळी त्याच्यावर धरता, थोडी मागं घेता, आणखी एक गाठ.

"काय करता?"

तुम्ही दचकलात. दचकलात हे मी पुरावा म्हणून धरलं. "काही नाही वं."

"आत्याला माप दिलं नाही म्हणून स्वेटरवरून घेता? सावनेरला पाठवायला?"

"सावनेरले कशाले—"

मी तुम्हाला वाक्य पुरं करू दिलं नाही. मी म्हणाले, जन्मभर सायकली दुरुस्त करणाऱ्याला दुसरं काय सुचणार, पोरगीही सुतळीनंच मोजायची. हे मी मोठ्यानं म्हणाले. आत्या चुलीपुढून उठून दारात आली. तुम्ही सुतळी बोटांभोवती गुंडाळलीत, खिशात टाकलीत आणि म्हणालात, "केस वाळव, सर्दी होईन."

मी दिवसभर घरी थांबले नाही. चालत मैत्रिणीकडे गेले, संध्याकाळी आले. सायकल आतल्या खोलीत होती, कुलूप होतं तसं होतं. सोमवारी निघाले तर काहीतरी वेगळं. ब्रेक जरा लवकर लागतो आहे. बसणं ताठ झालं आहे, पाठ वर आली आहे. दुसरी किल्ली मला आठवली. बाबांनी ब्रेक बिघडवला, मला वाटलं, मी घाबरावी म्हणून. प्रत्येक वळणावर मी ब्रेक दाबून पाहत होते. तुमच्याविषयी मला असं वाटू शकलं. ते चार दिवस टिकलं.

शुक्रवारी रेल्वेचं फाटक बंद होतं. मी एक पाय टेकवून उभी होते. मालगाडी संपेना. खाली पाहिलं तर हँडलच्या दांड्याला, फ्रेममध्ये शिरतो त्याच्या जरा वर, दोन बोटं रुंदीचा भाग चकचकीत दिसत होता. वरचा भाग धुळीनं मळलेला, हा मात्र स्वच्छ, त्याच्यावर ग्रीसची रेघ. इतके दिवस तो नळीच्या आत होता. सीटखाली पाहिलं. पकड पुढं सरकवलेली, जुन्या जागेवर घासल्याची खूण. ब्रेकच्या कांबीसुद्धा नव्या उंचीला लावून घेतलेल्या. स्वेटरच्या बाहीवरच्या सुतळीच्या दोन गाठी मला आठवल्या. कोपर टेकवून पाहायची गरज नव्हती, आणि फाटकाशी इतकी माणसं होती की मी ते केलंही नसतं. मी उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली. करंगळी जिवंत होती. कालही होती. परवाही होती बहुतेक. संशयात गुंतल्यामुळे मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

घरी आले तेव्हा तुम्ही जेवत होता. सांगायचं ठरवून आले होते. रस्त्यात वाक्य तयार केलं होतं. तुम्ही माझ्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलंत.

"कसा आहे हात?"

"पट्ट्यानं बरं वाटतं," मी म्हणाले.

तुम्ही भाकरीचा तुकडा वरणात बुडवलात. "चांगलं आहे मंग."

सावनेरची माणसं पुन्हा आली नाहीत. तुम्ही त्यांना काय कळवलंत, मी विचारलं नाही. आत्या महिनाभर तुमच्याशी तुटक बोलत होती, एवढं मी पाहिलं. मी त्यावरून काय ते समजले आणि समजल्याचं दाखवलं नाही. सायकल अंगणात राहू लागली. त्यानंतर चार वर्षांनी तुम्ही गेलात. त्या चार वर्षांत हे बोलायला किमान हजार जेवणं होती.

काल दुकानातून मी काहीच न घेता बाहेर आले. गाडी रस्त्याच्या कडेला लावलेली होती. मी तिच्या सीटच्या टोकाला कोपर टेकवलं आणि हात लांब केला. बाजार भरलेला होता. दोन मुली थांबून पाहू लागल्या. पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "का झालं मॅडम? काही पडलं का?"

"माप घेऊन राहिली," मी म्हणाले. तुमच्यासारखं तोंडातून गेलं.

"गाडीचं?"

"हाताचं."

त्यानं पानाला चुना लावायचा थांबवून नीट पाहिलं. मधलं बोट हँडलपासून चार बोटं लांब राहत होतं. उद्या मी मिस्त्रीकडे जाईन. कंपनीतून आलं ते बरोबरच असतं, असं तो म्हणेल. मी तिथून हलणार नाही. हँडल वर घेईपर्यंत त्याच्या समोर उभी राहीन. त्यानं नुसता नट घट्ट करून वर केलं म्हटलं तर तेही मला कळेल.

हे पत्र टेबलाच्या खणात जाईल. चामड्याचा पट्टा तिथेच आहे. पत्र लिहायला बसले ते त्याच्याविषयी सांगायला, आणि बाकी सगळं सांगत बसले. त्या शुक्रवारनंतर त्या सायकलीवर हात एकदाही दुखला नाही. पट्टा मात्र मी पुढं दीड वर्ष रोज बांधत होते, घरातून निघताना, तुमच्यासमोर. न बांधता निघाले असते तर तुम्ही विचारलं असतं आणि मला स्वेटरपाशी परत जावं लागलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं बकल तुटलं. मी काही बोलले नाही, पण तुम्ही तो दुकानात नेलात आणि दुसरं बकल रिव्हेट ठोकून बसवून आणलंत. अजून पक्कं आहे. फक्त भोक चुकलेलं होतं. पट्टा मनगटावर सैल बसायचा, बांगडीसारखा फिरायचा. मी ते कधी सांगितलं नाही. पण इतक्या वर्षांनी मला एक संशय आहे, आणि तो जात नाही: ते भोक खरंच चुकलं होतं का? मापाशिवाय भिंतीत खिळासुद्धा न ठोकणारे तुम्ही, त्या दिवशी माझ्या मनगटाचं माप घ्यायला आला नाहीत.