मायचे ऐंशी टक्के

८ डिसेंबर २०२५, सोमवार

आजही ‘प्रोसेसिंग’! सप्टेंबरात रिटर्न भरलं, आता वर्ष संपाले आलं. ५९,२८० रुपये रिफंड. दादा म्हणे, ‘पंधरा दिवसांत खात्यात येते.’ आमच्या वॉर्डातल्या कोणाचाच आला नाही. मले सोडून अकरा नर्सा. अकराही जणींचं रिटर्न माझ्या भावानं, नागसेनदादानं भरलं, आणि त्या साऱ्याईले दादाकडे मीच नेलतं. आता ड्युटीवर चढली का पह्यला सवाल हाच — संघमित्रा, आया क्या?

माझ्या पोरीच्या, पौर्णिमाच्या नागपूरच्या कोचिंगच्या फीची किस्त वीस तारखेले हाय.

१० डिसेंबर

दादाले फोन लावला. ‘सर्वर स्लो हाय, संघू. साऱ्या देशाचं अटकून हाय.’ हसला. पण हसणं पह्यलेसारखं नव्हतं.

१३ डिसेंबर, शनिवार

मेसेज आला! सकाळची पाळी, हातात इंजेक्शनचा ट्रे. आयकर विभागाकडून. तुमच्या रिटर्नमधल्या काही सवलती संशयास्पद दिसतात, म्हणून रिफंड थांबवला हाय, चूक असेल तर ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरा. तीनदा वाचला. मान वर केली तर समोरून गीता येऊन राह्यलती. तिच्याही हातात मोबाईल.

‘तुले बी?’

‘हौ.’

जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकराही जणींले आला. सत्यभामाताई मार्चमध्ये रिटायर होते. तिनं डबा उघडलाच नाही. ‘माझी पेन्शन तं नाही थांबवणार ना वं?’

म्या म्हटलं, ‘काही नाही होत, ताई. दादा पाहून घेईन.’

दादा फोन उचलत नाही.

१४ डिसेंबर

उचलत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

शेवटी वीरेंद्र वकिलाकडे गेली. आमच्या बालाघाटात टॅक्सचं काम तोच करते. त्यानं कॉम्प्युटरवर माझं रिटर्न उघडलं, चष्मा वर केला, आणि मले इचारलं, ‘मैडम, आपकी माताजी दिव्यांग हैं?’

म्या म्हटलं, ‘कोन?’

‘जिजाबाई. अस्सी प्रतिशत. आप पर आश्रित. सवा लाख की छूट ली है.’

माय अडुसष्ट वर्षांची. दादापाशी कटंगीले राह्यते, बाजारात पायी जाते, पायी येते, डोक्यावर ओझं. आणि दुसरी ओळ — एका संस्थेले एक लाख साठ हजार देणगी! त्या संस्थेचं नावही मी जिंदगीत आयकलं नाही. विहारालेही माझ्या हातून पाचशेच्या वर कधी गेले नाहीत. एक लाख साठ हजार! 

वकिलानं साफ सांगतलं. एकतीसच्या आत सुधारित भरलं तर हा सारा रिफंड गेला समजा, पण दंड नाही. गेल्या वर्षी मायच्याच नावावर सव्वीस हजार वापस आलते, तेही भराचे — व्याज आणि वरचा टॅक्स धरून अडतीस हजारांच्या आसपास. नाही भरलं, आणि चौकशी लागली, तर दंड टॅक्सच्या दुप्पट.

म्या म्हटलं, ‘पण भरलं तं दुसऱ्यानं.’

‘किसने भरा, इससे फ़र्क नहीं पड़ता, मैडम. नाम आपका है.’

कोणी भरलं हे त्यानं इचारलं नाही. त्याले माहीत असन. साऱ्या गावाले माहीत हाय.

१६ डिसेंबर

गीतानं जिन्यात गाठलं. ‘खरं सांग, तुले माहीत होतं काय?’

‘नाही.’

१८ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी टाकून कटंगीले गेलती. दादाचं रिटर्न भराचं दुकान बस स्टॅन्डजवळ, मागंच घर. मले पाहून त्यानं गिऱ्हाईकाले उठवलं, शटर अर्धं खाली ओढलं.

म्या सुधारित रिटर्नचं काढलं तसा भडकला. ‘काहून भरतं? हे मेसेज नुसते भेव दाखवाले असतात! तू भरलं का तुह्या अकरा जणी भरतीन. मंग त्या दुसऱ्याईले सांगतीन. साठ घरं हायत माझ्याकडे, संघू. दुकान बसते माझं.’

‘सत्यभामाताईची पेन्शन अटकली तं?’

‘रिफंड आलता तवा पेढे घेऊन आलती तुही सत्यभामाताई! तवा नाही इचारलं, नागसेन, कुठून काढले?’

म्या म्हटलं, मी भरणारच.  मंग दादा हळू आवाजात — ‘बाबा वारले तवा तुह्या नर्सिंगच्या फीसाठी म्या कॉलेज सोडलं. ते कोण्या कॉलममध्ये दाखवू?’

म्या बॅग उचलली. 

तेवढ्यात माय आली. बाजार होता, दोन्ही हातांत थैल्या. ‘काय झालं? काहून भांडता?’  दादानंच मंग मान खाली घालून सांगतलं. कागदावर तुले अपंग दाखवलं, माय. ऐंशी टक्के.

मायनं थैल्या खाली ठेवल्या. आपल्या पायांकडे पाह्यलं. ‘मंग मले सांगाचं ना बापा. म्या लंगडत गेली असती बाजारात.’

रागानं म्हणाली का खरंच म्हणाली, समजलं नाही. मी चहा न घेताच निंगाली.

२० डिसेंबर

कर्मचारी सोसायटीतून उचल घेऊन पौर्णिमाची किस्त भरली. पोरीले सांगतलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

आज नर्सरूममध्ये साऱ्याईले बसवून सांगतलं. आपआपलं रिटर्न उघडून पाहा. जे आपलं नाही ते काढा. एकतीसच्या आत. वीरेंद्र वकील फी कमी घेईन, मी बोलली हाय.

गीता उठूनच उभी राह्यली. ‘आणि तुले किती भेटत होतं एका नर्समागं? सांग ना!’

एक रुपयाही नाही घेतला. पण ते न सांगता म्या वकिलाचा नंबर फळ्यावर लिहिला. 

सत्यभामाताईनं मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘संघमित्रा, माझ्या पोराले अपंग केलं वं तुह्या भावानं. तो तं फौजेत हाय!’ हसली. हसता हसताच पदर तोंडाले लावला.

२६ डिसेंबर

दादाचे सात फोन. एकही उचलला नाही. आता मी उचलत नाही!

२७ डिसेंबर

दादाचा मेसेज: ‘मायले घेऊन जाय तुह्याकडे. कागदावर तुह्यावरच अवलंबून हाय ना ती.’

दिवसभर हाच मेसेज. पेशंटचा बीपी घेतला आणि आकडा लिहाले विसरली. दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

२९ डिसेंबर, सोमवार

भरलं. सुधारित रिटर्न — रिफंड शून्य. गेल्या वर्षीचंही भरलं. चलान भरलं, खातं रिकामं. वकील म्हणे, अब चैन से सोइए. चैन कुठचं!

नऊ जणींनी भरलं. गीता आणि आणखी एक राह्यली.

३१ डिसेंबर, बुधवार

दुपारी चार वाजता गीता आली. माझ्याकडे न पाहताच बोलली, ‘चाल माझ्यासंग वकिलाकडे.’ दुसरी पण तिच्यामागंच उभी होती. वकिलाकडे ही गर्दी! साईट उघडे, बंद पडे. ओटीपी येईच ना. गीता खुर्चीच्या काठावर बसून नखं खाऊन राह्यलती. साडेसहाले तिचं गेलं, सातले दुसरीचं.

बाहेर आल्यावर गीता म्हणाली, ‘त्या दिवशी जास्तच बोलली मी.’

म्या म्हटलं, ‘जाऊ दे.’

अकराही झाल्या. पण मोकळं काहून वाटून नाही राह्यलं?

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

दादाच्या दुकानावर आयकरवाल्याईची तपासणी! मायनं शेजारच्या पोरीच्या मोबाईलवरून फोन केला. दोन गाड्या आल्या, कॉम्प्युटर नेला, साऱ्या फायली नेल्या. बस स्टॅन्डवर माणसं गोळा झाली. म्या इचारलं, दादा कसा हाय? माय म्हणे, ‘काही लपवलं नाही त्यानं. सायबाईले चहा पाजला. आता गपचूप बसला हाय.’ मंग, ‘तू येतं काय वं?’

ड्युटी बदलून दुपारच्या बसनं गेली. दादा दुकानातच होता. जिथं कॉम्प्युटर होता तिथं धुळीचा चौकोन.  मायनं भात वाढला, दोघं जेवलो.

१२ जानेवारी

आयकर ऑफिसात मलेही बोलावलं हाय, सोळा तारखेले. बयानासाठी, जबाब लिहून द्याले.

१६ जानेवारी, शुक्रवार

आयकर ऑफिसात दादा माझ्याआधी येऊन बसलता. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. सायबानं त्याचं बयान वाचून दाखवलं — बहिणीले काहीच माहीत नव्हतं, सारं म्या माझ्या मनानं केलं. सायबानं कागद माझ्याकडे सरकवला. ‘साइन कर दीजिए मैडम, फिर आप जा सकती हैं.’ दादा भिंतीकडे पाहून राह्यलता.

म्या पेन खाली ठेवला. ‘साहब, मुझे मालूम था.’

‘चूप राय, संघू!’

देणगीचं नव्हतं माहीत. पण मायचं होतं; वकिलापुढे, गीतापुढे, या वहीतही लपवलं. चोवीस सालच्या जुलैत दादानं फोन करून इचारलं होतं — मायले अपंग दाखवू काय, सव्वीस हजार वापस येतीन. म्या एक मिनिटही इचार केला नाही. म्हटलं, दाखव ना.