अलगुजाची दुसरी नळी

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. मोठेबाबा आणि मोठीआई यांस,
स्वरदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मोठेबाबा हल्ली नुसतं हूं हूं करतात, म्हणून कागद घेतला. अलगूज आणि बारा तंतुवाद्यांचा वृंद यांच्यासाठी लिहीत होते ती रचना झाली! दोन मार्चला इथं कार्यक्रम आहे. एक नळी सूर धरून ठेवते आणि त्याच फुंकरीत जोडीची नळी गाते, यावर आमच्या व्हायोलिनवाल्यांचा विश्वासच बसत नाही.

बाबा गेल्यावर त्यांचे थोरले भाऊ म्हणून तुम्ही मला नुसतं सांभाळलं नाहीत, गाणं दिलंत. वांग्याला पाणी सोडून बांधावर वाजवायचात, तिथंच मला सूर कळला. ही रचना फक्त तुमच्यासाठी लिहिली आहे. याल ना?

लोभ आहेच, त्यात चार दिवसांचा मुक्काम मिळवावा.
तुमची स्वरदा

देऊळगाव राजा, १६ जानेवारी

चि. स्वरदा हिस,
मोतीरामचे पोटभर आशीर्वाद.

आधी तिळगूळ खा, मग पुढचं वाच. दिवाळीत विहिरीच्या पायरीवर तोंडावर पडलो आणि पुढचे दात गेले. कवळी बसवली, पण दोन नळ्या तोंडात धरल्या की ती सुटते. काढली तर वारा निसटतो. एक नळी कशीबशी बोलते, दोन बोलत नाहीत. तुला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ते हूं हूं.

नकार लिहायला बसलो, तर तुझी मोठीआई कडाडली की रडून काऊन राह्यले, दुसरी नळी मले द्या. बाईनं अलगूज तोंडाला लावू नये, ही आपली रीत. त्यावर म्हणाली की जन्मभर चुलीत फुंकणीनं फुंकलं, तवा कोणाले रीत आठवली नाही. मग वडिलांनी मेण लावून बांधलेली जोडी मी सोडली. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? पण पोरी, हिचा दम माझ्याहून लांब! रोज संध्याकाळी गोठ्याशी बसतो. ती सूर धरते, मी गातो. शेजारचे शंकरराव हसतात. हसू दे.

तुझ्या लोकांत हे चालेल का? नसेल तर मोकळेपणी कळव, राग नाही.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझे मोठेबाबा

देऊळगाव राजा, ७ मार्च

चि. स्वरदा,
अन्नपूर्णाबाईचा आशीर्वाद. अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घे.

सुखरूप पोचलो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हे ह्यांचं गावभर सांगून झालं. मी चपला बाहेर काढून बसले, तरी कोणी हसलं नाही. मले म्हातारीले तू तिथं नेलंस, बाई, तुझं भलं होवो.

एक गोष्ट मनाले टोचून राह्यली. सुरुवातीले तू मले एकटीलेच नळी वाजवायले खुणावलं. मी सूर धरला, तर ते बाराही जण लगेच आपापल्या खुंट्या पिळू लागले. माझा सूर चुकला होता का? ह्यांचे तर डोळे भरून आले होते, म्हणून ह्यांना विचारवत नाही. खरं काय ते सांग.

आठवण ठेव.
तुझी मोठीआई

पुणे, १२ मार्च

ती. मोठीआईस,
शि. सा. न.

अगं, तुझा सूर चुकला नव्हता! वाजवण्याआधी एकानं सूर द्यायचा आणि बाकीच्यांनी आपली वाद्यं त्याला जुळवायची, असा वृंदाचा रिवाज आहे. गडबडीत मी तुला सांगायची राहिले. तार चढवता-उतरवता येते, बांबूचा सूर हलत नाही. म्हणून त्या संध्याकाळी सूर तुझा होता आणि बाराही जण तुझ्या सुराला येत होते.

तुमचे दोघांचे उपकार मी कुठं ठेवू? तू नळी मागितली नसतीस तर माझी रचना कागदावरच राहिली असती. आणि मोठेबाबांना खुशाल विचार. रिवाज त्यांना मी आदल्या रात्री सांगितला होता. तुझ्या सुराला सगळे येताना पाहिले, म्हणून त्यांचे डोळे भरले.

पायांवर डोकं ठेवते.
तुझीच स्वरदा