पाहुण्यांची तूर

१२ जानेवारी १९५८

आज अकरा घरं. अकराही घरांत तूर! लाखोळीचं नाव काढलं की बायका असं बघतात, जणू चोरीचा माल शोधायला आलेय मी. "लाखोरी? नाई बाई. आमी तूर खातो." बोलणारीच्या मागे खाटेवर तिचा नवरा बसलेला, आणि भिंतीला टेकलेल्या दोन काठ्या. मी लिहिलं — तूर. न लिहून करते काय!

डॉ. कोत्तावार नागपूरहून महिनाभरासाठी इथे चामोर्शीला मुक्कामाला आलेत ते ह्याचसाठी. ह्या भागात धडधाकट तरुण एका पावसाळ्यात पाय आखडून बसतात. टाचा टेकत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांत अडकतात. आधी एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी बुडावर सरकत जायचं. लाखोळीच्या डाळीनं होतं असं म्हातारे सांगतात. डॉक्टरांना ते आकड्यांत हवंय. मला चांद्याच्या दवाखान्यातून मागून घेतलं, कारण मी नर्स आणि इकडचीच. बोली येते, चुलीपर्यंत जाता येतं. तर रोज चुलीपर्यंत जाते आणि तूर लिहून परत येते.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी नाही. सहा घरी तिळगूळ मिळाला, सहाही घरी गोड बोलले. खरं कोणीच बोललं नाही.

मुखरूच्या घरी गेले होते. तिशीचा असेल. पाच वर्षांपूर्वी बैलामागं पळणारा माणूस, आता दाराच्या चौकटीला धरून उठतो. त्याची बायको सुगंधाबाई, मोठी तोंडाळ. "तुमी तर आमच्यातल्याच ना बाई? मंग काऊन इतकं खोदून खोदून विचारता?" मी हसले. आतून चरफडले. डाळ — तूर.

१७ जानेवारी

यादीत आमचं गाव आलं. इथून चार कोस. माझ्या घराचा फॉर्म मी जीपमध्येच भरून टाकला. माय भागीरथा, विधवा. भाऊ लटारू, वय बावीस, शेती. मुलगी इंदू, म्हणजे मी, दहा वर्षांपासून चांद्याला मामाकडे. डाळ — तूर. पाय — ठीक. विचारायचं काय त्यात? मी घरी जाते तेव्हा तूरच असते.

जीप चालवणारे गफ्फारभाई म्हणाले, "बाई, घर इतकं जवळ, जाऊन नाई येत?" म्हटलं, वेळ नाही, बाकीची घरं उरकू आधी. त्यांनी गाडी वळवली. मायला राग येईल कळलं तर. मुलगी गावावरून गेली आणि पाणी प्यायलाही उतरली नाही. जाईन पुढच्या आठवड्यात.

२१ जानेवारी

आज बेरीज झाली. पाय गेलेल्या माणसांची एकतीस घरं. त्यातली बावीस म्हणतात, आम्ही तूर खातो. धडधाकट माणसांची साठ घरं. त्यातली एक्केचाळीस खुशाल सांगतात, हो, खातो लाखोळी. वडे करतो, झुणका करतो, पाल्याची भाजीसुद्धा करतो!

म्हणजे काय? लाखोळी खावी आणि पाय मजबूत करावेत?

डॉक्टर म्हणाले, "इंदुताई, आकडे हेच राहिले तर मला लिहावं लागेल की लाखोळीचा संबंध दिसत नाही. पाणी बघू. एखादा जंगली कंद असेल." माणूस वाईट नाही. पण जे कागदावर नाही ते त्यांना दिसतच नाही. मुक्कामाच्या मागे खुराड्यात त्यांनी सहा कोंबडे ठेवलेत, नुसत्या लाखोळीवर. ते तर माजलेत. काल एकानं गफ्फारभाईंचा पाय फोडला.

आणि तसं लिहून गेलं तर? डॉक्टरांनीच निर्दोष ठरवली म्हटल्यावर कोण थांबणार आहे? लाखोळीइतकं सोपं पीक नाही इकडे. धान उभं असतानाच बांध्यांत, भाताच्या खाचरांत, बी फेकून द्यायचं. नांगर नको, पाणी नको. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकी सगळं जळतं आणि हीच तेवढी हिरवी राहते. मग ती वर्षभर खायची. पुढच्या पावसाळ्यात आणखी दहा-वीस पोरं काठीवर येतील. त्यात माझी सही असलेले फॉर्म!

२२ जानेवारी

दिवसभर चिडचिड. कंपाउंडरवर खेकसले. त्याची काही चूक नव्हती.

२५ जानेवारी

काखेत कळसा अन् गावाला वळसा!

गफ्फारभाई टायरला पंप मारत होते, मी शेजारी उभी राहून माझं रडगाणं गात होते. ते सहज बोलून गेले, "बाई, पाहुण्याले कोणी लाखोरी दाखवते का? माही सुलताना, तिचं लगन जमून राह्यलं होतं ना, तवा आठ दिवस माह्या घरीबी तूरच शिजली. पाहुणे गेले, का पुना लाखोरी चालू."

मी पाहुणी आहे! पांढरं लुगडं, हातात कागद, जीपमधून उतरणारी. मला कोण कशाला सांगेल? ज्याच्या कोठीत सगळं आहे तो लाखोळी चवीनं खातो आणि चवीनं सांगतो. त्याचं काय जातंय? तो आठवड्यातून एकदा वडे तळतो. ज्याच्याकडे दुसरं काही नाही तो दोन्ही वेळ तीच खातो आणि तूर सांगतो. आणि ज्या घरात पाय गेलेला माणूस बसलाय तिथे तर विचारूच नये. लाखोळीवर जगणारं घर म्हणून नाव झालं की पोरींच्या सोयरिकी तुटतात.

मी ह्याच मातीतली आणि मला हे एका ड्रायव्हरनं सांगावं! दहा वर्षांत इतकी शहरी झाले का मी?

२८ जानेवारी

आता विचारणंच बंद. कागद पिशवीत ठेवायचा, जात्याशी जाऊन बसायचं. दळू लागते म्हटलं की बाई नाही म्हणत नाही. जात्याभोवती चुनी सांडलेली असते, नाहीतर बैलाच्या गव्हाणीत असते. चुनी म्हणजे डाळ भरडताना निघालेली टरफलं आणि तुकडे. त्यात एखाददुसरा अख्खा दाणा सापडतोच. तुरीचा दाणा गोल. लाखोळीचा कोपरेदार, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. दाणा खोटं बोलत नाही.

सुगंधाबाईच्या जात्याशी चिमूटभर चुनी हातात घेतली. तिनं माझ्या मुठीकडे पाहिलं आणि खुंटा सोडून दिला. सगळा तोरा उतरला. "लिहा बाई, काय लिहाचं ते. पण माह्या पोरीची सोयरीक जमून राह्यली. आमचं नाव नोका लिहू." ओसरीवरून मुखरू म्हणाला, "लिवू दे वो. माहे पाय गेले, लोकायले दिसून नाई राह्यले का?" ती त्याच्यावर ओरडली आणि मग रडली. अर्धी पायली दळून दिली, हाताला फोड आले.

डॉक्टरांशी भांडून कबूल करून घेतलं की अहवालात नाव नाही, फक्त घराचा नंबर. ते लगेच हो म्हणाले. मी उगाच आवाज चढवला होता.

३० जानेवारी

एकतीस घरांपैकी सव्वीस झाली. सव्वीसही घरांत लाखोळी, दोन्ही वेळ! डॉक्टर खोलीत येरझारा घालत होते, चहा थंड झाला. "हे तुमचं काम आहे, इंदुताई. अहवालात तुमचं नाव घालणार मी." बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग म्हणाले, "आता ज्या ज्या घरावर तूर लिहिली आहे ती सगळी परत तपासा. धडधाकट माणसांचीसुद्धा. एकही सोडायचं नाही."

एकोणीस घरं आहेत तशी. त्यात एक आमचं.

१ फेब्रुवारी

सात घरं. आमच्या गावाला उद्या.

२ फेब्रुवारी

आज नाही जमलं. बाजाराचा दिवस होता, लोक घरी भेटले नसते. असं मी डॉक्टरांना सांगितलं. गफ्फारभाईंनी जीप आमच्या गावाच्या रस्त्याला काढलीच होती. मीच परत फिरवायला लावली.

काय झालंय मला?

३ फेब्रुवारी

गेले.

कळवलं नव्हतं. माय नदीवर धुणं घेऊन गेलेली. घर उघडंच. मी पाहुण्यासारखी ओसरीवर बसले नाही, सरळ गोठ्यात गेले. गव्हाणीत हात घातला. कोपरेदार दाणे.

मग लटारू शेतातून आला. मी त्याला लांबून, बांधावरून येताना पाहिलं. चवड्यांवर चालत होता. टाचा जमिनीपासून बोटभर वर. मला पाहून त्यानं भराभर चालायचा प्रयत्न केला आणि पाय पायात अडकला. हसला. "थंडीनं आखडते, बाई. ऊन पडलं का मोकळं होते." खाटेवर बसवून गुडघ्याखाली तळहाताच्या कडेनं मारलं. पाय उडाला. पाऊल वर दाबून धरलं तर ते माझ्या हातात थरथरायला लागलं, थांबेचना. महिनाभर हेच तर तपासतेय मी घरोघर. तो विचारत होता, "असं काऊन करून राह्यला गं माहा पाय?"

माय आली. आधी म्हणाली, मोहाच्या झाडावरून पडला. मी नुसती मूठ उघडून दाणे दाखवले. मग ती माझ्यासाठी चुलीवर डाळ चढवायला उठली. तूर! मी ओरडले. उभ्या आयुष्यात मायवर ओरडले नव्हते. लाखोळी बंद, आजपासून बंद, घरात दाणा ठेवायचा नाही.

"मंग काय खाऊ?"

"शेताच्या धुऱ्यावरची तूर कुठं जाते आपली? चार पायल्या तरी होते ना?"

"तुह्या मामाकडं. तू राहून राह्यली ना त्याच्या घरी. पोरगी तो पोसते आन् आपण काईच नाई द्याचं? उरली थोडी का तुह्यासाठी ठेवतो, तू येते तवा लागते." अगदी साध्या आवाजात. गाऱ्हाणं नव्हतं, दोष तर नव्हताच. फुंकणी खाली ठेवून तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुले तर माहीत हाय ना हे."

मी म्हटलं, नाही. मला कोणी सांगितलंच नाही.

४ फेब्रुवारी

लटारूला जीपमधून आणलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, चालवलं, बसवलं, उठवलं. त्याला बाहेर पाठवून मला सांगितलं, "सुरुवात आहे. आज बंद केली तर बहुतेक इथेच थांबेल. गेलंय ते परत येणार नाही." म्हणजे माझा भाऊ आता असाच चालणार. जन्मभर. आणि हे त्यातल्या त्यात चांगलं!

त्याला सांगितलं तर त्याला वेगळीच काळजी. "तूर घरी ठेवली तर मामाले काय वाटंल?" मामाशी मी बोलेन. चांद्याहून दर महिन्याला मूग-मसूर पाठवेन. लटारू मान डोलवत होता, थोरल्या बहिणीचं ऐकतात तसा. मला त्याच्या पायांकडे बघवेना.

५ फेब्रुवारी

आमच्या घराचा जुना फॉर्म रद्द. नवा भरला. डॉक्टरांनी शेऱ्यात लिहिलं: "माहिती देणारी व्यक्ती घरी राहत नसल्यामुळे मूळ नोंद अनवधानाने चुकली." मला वाचून दाखवलं, "बरोबर?" मी खाली सही केली.

माझं नाव मोठं होईल म्हणे नागपूरला.

७ फेब्रुवारी

सही खोटी आहे. मला माहीत होतं.

गेल्या दिवाळीला चुलीपाशी दोन पातेली होती. मायनं माझ्या ताटात एकातलं वाढलं आणि लटारूच्या ताटात दुसऱ्यातलं. मी पाहिलं. लटारूनं मला पाहताना पाहिलं, आणि ताट जरा आपल्याकडे ओढून घेतलं. मी काही विचारलं नाही. वरण छान झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं.